मॉट म्हणजे मोट नव्हे

माझ्या डीटीपीच्या दुकानाचं शटर दुपारी एक ते दोन अर्धं खाली असायचं. मी आत बसून डबा खायचे. अर्धं शटर म्हणजे ‘नंतर या’, हे मुलुंड पूर्वेला शेंबड्या पोरालाही कळतं. या काकांना नाही कळलं. ते कमरेत वाकले, शटरखालून अर्धे आत आले आणि मला म्हणाले, “पोर्टकलीस अर्धं खाली आहे. वेढा पडलाय की उठलाय?”

मी म्हटलं, “काका, जेवतेय.”

“मग वेढा नाही. वेढ्यात आधी जेवण संपतं.” असं म्हणून ते उरलेले अर्धेही आत आले आणि स्टुलावर बसले. पोर्टकलीस म्हणजे इंग्लंडातल्या जुन्या किल्ल्यांच्या दारावरून खाली पडणारा जाळीचा दरवाजा, हे मला त्यांनी पोळीचे दोन घास होईपर्यंत समजावलं. मी त्यांना ओळखत होते, म्हणजे येताजाता पाहिलं होतं. आमच्याच सोसायटीत, ते ए विंगमध्ये आणि मी आईबरोबर बी विंगमध्ये. पण आमच्याकडे ए आणि बीचं बोलणं नव्हतं, त्याचं कारण पुढे सांगते. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून हाताने लिहिलेली चौसष्ट पानं काढली. एका पानाची एक स्लाईड करून हवी होती. विषय: इंग्लंडमधील मध्ययुगीन किल्ले.

मी विचारलं, “तिकडे जाऊन आलात का?”

“कोल्हापूरपर्यंत गेलोय,” ते म्हणाले.

पासपोर्टसुद्धा नव्हता माणसाकडे. अंधेरीला एका रंगाच्या कारखान्यात माल रवाना करायच्या खात्यात अख्खी नोकरी केली. तिथे कधीतरी मशिनरीबरोबर इंग्लंडहून एक कॅलेंडर आलं. बारा महिने, बारा किल्ले. साहेबाला नको होतं, म्हणून ते यांनी घरी आणलं आणि ते जे भिंतीवर चढलं ते उतरलंच नाही. कॅलेंडरचं साल उलटलं, दशकं उलटली, काका दर एक तारखेला पान उलटत राहिले. अधूनमधून एखाद्या वर्षी त्याच्या तारखा-वार चालू सालाशी तंतोतंत जुळायच्या. त्या वर्षी ते सोसायटीत पेढे वाटायचे. लोकांना वाटायचं नातवंडं झाली.

फक्त नोव्हेंबरचं पान नव्हतं. काकूंनी ते पहिल्याच वर्षी, काकांनी बघायच्या आत फाडून डब्यांखाली शेल्फात घातलं, आणि पुढे कधीतरी ते टाकलं गेलं. म्हणजे काकू तसं सांगायच्या. त्यामुळे दर नोव्हेंबरात त्यांच्या भिंतीवर नुसता खिळा असायचा, आणि काका त्या खिळ्याकडे बघून अंदाज बांधत बसायचे की तिथे कोणता किल्ला असेल. एका वर्षी डोव्हर, एका वर्षी यॉर्क. चौसष्टावी स्लाईड त्यांनी माझ्याकडून कोरीच करून घेतली. वर फक्त लिहायचं, ‘नोव्हेंबर’, आणि खाली प्रश्नचिन्ह.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. हे चौसष्ट स्लाईडचं व्याख्यान एकदा, फक्त एकदा, पहिलीपासून शेवटपर्यंत कुणीतरी ऐकावं. बस. मुलगा परदेशी जावा, गुडघा बरा व्हावा, असलं काही नाही. आणि तेच होत नव्हतं.

मी स्लाईड करून दिल्या ती चूक, आणि ‘बटण मी दाबते’ म्हणाले ती त्याहून मोठी चूक. लॅपटॉप खांद्याला लावून मी त्यांच्याबरोबर वर्षभर उपनगरं हिंडले. विलेपार्ल्याला ज्येष्ठ नागरिकांच्या संघात सहाव्या स्लाईडला चहा आला. चहा आला की श्रोता माणूस राहत नाही, हे मी तिथे शिकले. घाटकोपरला एका भिशीच्या कार्यक्रमात त्यांनी किल्ल्यातल्या संडासाची स्लाईड दाखवली. भिंतीबाहेर काढलेली खोली, खाली थेट खंदक, आणि त्याच खोलीत हे लोक कपडे टांगायचे, कारण त्या वासाने कसर लागत नाही. बायकांनी एवढंच विचारलं की मग आमच्या तिसऱ्या मजल्याच्या लीकेजचं काय, आणि पुढचा तास तेच चाललं. सगळ्यांत लांब आम्ही बोरिवलीला पोचलो, एकोणिसाव्या स्लाईडपर्यंत. त्या स्लाईडवर एका इंग्रज राजाने किल्ल्याच्या बुरुजाखाली भुयार खणून, त्यात चाळीस लठ्ठ डुकरांची चरबी जाळून तो कोपरा पाडला. काका रंगात आलेले. नेमकी संकष्टी होती. सगळा हॉल उपाशी आणि चंद्र उगवायचा होता. अध्यक्षीणबाईंनी माईक काढून घेतला.

एकदा गिर्यारोहण करणाऱ्या एका तगड्या माणसाने त्यांना भर सभेत सुनावलं, “आपले एवढे किल्ले सोडून तुम्हाला त्या गोऱ्यांचं काय पडलंय?” मला वाटलं, आता काही खरं नाही. काका अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, “आपल्याला देवाने सह्याद्री दिला, अर्धा किल्ला फुकट. त्या बिचाऱ्यांच्या देशात बऱ्याच ठिकाणी धड डोंगर नाही हो. टेकडीसुद्धा टोपलीने वाहून करावी लागली. मला त्यांची दया येते.”

ती टोपलीने केलेली टेकडी म्हणजे मॉट. काकांचा सगळा जीव तिच्यात. नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन लोक समुद्र ओलांडून इंग्लंडात आले आणि जिथे तिथे आधी एक गोल खड्डा खणत सुटले. खड्ड्यातली माती मधोमध रचली की मॉट. तिच्यावर लाकडी बुरूज, तो कीप. खाली कुंपण घातलेलं अंगण, ती बेली, तिथे तबेला, स्वयंपाकघर, माणसं. आणि उरलेल्या खड्ड्यात पाणी भरलं की तो मोट, म्हणजे खंदक. “मॉट वेगळी, मोट वेगळा,” ते मला बजावायचे. “पण दोघं निघाले एकाच खड्ड्यातून. शब्दसुद्धा. खड्डा खणला की टेकडी आपोआप होते, लक्षात ठेव.”

मुंबईत राहून हे लक्षात न ठेवणं अवघड होतं. रस्ता खणलेला दिसला की लोक शिव्या घालतात, काका थांबून माती कुठे टाकलीय ते बघायचे. एकदा बसमधून देवनारचा कचऱ्याचा डोंगर दिसला तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि हळहळून म्हणाले, “केवढी मॉट वाया चाललीय.” पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

ए विंगचा जिना चढताना डावीकडे वळतो. त्यावरही त्यांचा राग होता. त्यामुळे चढून येणाऱ्या शत्रूचा उजवा हात मोकळा राहतो, आणि तो तलवार चालवू शकतो. म्हणून ते स्वतः उतरताना छत्री डाव्या हातात धरायचे. “हल्ली काही विद्वान म्हणतात ही जिन्याची गोष्ट खोटी आहे,” ते सांगायचे, “पण ते विद्वान आमच्या जिन्याने आलेले नाहीत.” काकू मागून पिशवी घेऊन उतरत असायच्या. त्या म्हणायच्या, “शत्रू कसला येतोय, गॅसवाला येईना चार दिवस.”

आता आमच्या सोसायटीचं सांगते. दोन विंग, समोरासमोर, मध्ये दहा पावलांचं अंगण, आणि अकरा वर्षं अबोला. भांडण कशावरून, तर वॉचमनच्या खुर्चीवरून. तिचं तोंड ए विंगकडे असावं की बी विंगकडे. हसू नका, आम्ही हसत नव्हतो. ए विंगचे पुढारी सावंतकाका, मूळचे मालवणचे, गिरणीतून निवृत्त. बी विंगच्या म्हात्रे मावशी, बाजारात माशांचा गाळा, आवाज अख्ख्या गल्लीला पुरणारा. दोघं वार्षिक सभासुद्धा वेगवेगळी घ्यायचे. वॉचमन बिचारा सकाळी खुर्ची ए कडे करायचा आणि चार वाजता बी कडे वळवायचा. इकडे स्लॅब पडत होते, एका बिल्डरची पुनर्विकासाची बरी ऑफर आली होती, पण दोन्ही विंग एकत्र बसल्याशिवाय काही होणार नव्हतं. आणि एकत्र बसायचं म्हटलं की खुर्ची आडवी यायची.

काकांना या कशाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी एवढंच ठरवलं की बाहेर कुणी ऐकत नाही तर घरच्या अंगणात व्याख्यान करू. नोटीस लिहून माझ्याकडे आणली: ‘मॉट कशी बांधावी? सचित्र व्याख्यान. रविवारी सकाळी दहा वाजता, अंगणात. दोन्ही विंगना आमंत्रण.’

आता माझा धंदा ऐका. लोक काय वाट्टेल ते लिहून आणतात. ‘आशिर्वाद’ आणतात, ‘विनंति’ आणतात, मी न बोलता दुरुस्त करते. बोट आपोआप जातं. त्या दिवशी समोर तीन लग्नपत्रिका रखडलेल्या, काका स्टुलावर बसून डुकरांबद्दल बोलतायत. वर्षभर मॉट-मोट ऐकून माझं डोकं पिकलेलं. माझं बोट गेलं, आणि ‘मॉट’चं ‘मोट’ झालं. ‘मोट कशी बांधावी?’ दोन प्रती काढल्या, दोन्ही बोर्डांवर लावल्या.

मराठी माणसाला ‘मोट बांधणे’ म्हटल्यावर दुसरं काय कळणार? बी विंगला वाटलं ए विंगने तडजोडीचा हात पुढे केलाय. ए विंगला वाटलं बी विंग नमली. रविवारी पावणेदहालाच अंगण भरलं. लोक इस्त्रीचे कपडे घालून आले होते. सावंतकाका चक्क सदऱ्याला पेन लावून. म्हात्रे मावशींनी गाळा बंद ठेवला होता, रविवारी, म्हणजे विचार करा. काका खाली आले, ती गर्दी बघितली आणि जागीच थांबले. त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, “एवढी माणसं मॉटसाठी?” मला तेव्हाही काही कळलं नव्हतं. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

त्यांनी सुरुवात केली. “मॉट बांधायची तर आधी खड्डा खणावा लागतो. खोल. त्याशिवाय काही उभं राहत नाही.”

सावंतकाका मान हलवत शेजाऱ्याला म्हणाले, “बरोबर. मनातला सगळा भायर काढूक व्हया.”

“आणि माती एकाच जागी टाकायची. दोन जागी टाकलीत तर दोन ढिगारे होतात. मॉट होत नाही.”

ए विंग बी विंगकडे बघायला लागली.

“यॉर्कमध्ये त्यांनी नदीच्या दोन काठांवर दोन मॉट बांधल्या, समोरासमोर,” काका म्हणाले. मी बटण दाबलं. विंगच्या सावलीत टांगलेल्या पडद्यावर दोन टेकड्या आल्या आणि मध्ये पाणी. म्हात्रे मावशींनी पदर खोचला. कुणीतरी मागे हळूच म्हणालं, नावं घेत नाही पण कळतंय.

“आता ही टेकडी बांधली कुणी? राजाने नाही. गावच्या गरीब लोकांनी टोपल्या वाहिल्या. आणि वर राहायला गेलं कोण?”

“बिल्डर,” मावशी म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

काका थोडे गोंधळले, पण टाळ्या कुणाला नको असतात? ते पुढे निघाले. “वर कीप, खाली बेली. कीपवाले वर बसून ऐट करतील, पण विहीर बेलीत आहे. वरच्याने खालच्याशी वाकडं घेतलं तर वर पाणी चढत नाही.” आमच्याकडे पंप ए विंगच्या तळमजल्यावर आणि टाकी बी विंगच्या गच्चीवर. अंगणातल्या प्रत्येकाला आपापली गेल्या उन्हाळ्यातली बादली आठवली. सावंतकाकांनी चष्मा काढून पुसला.

बाराव्या स्लाईडला म्हात्रे मावशी उठून उभ्या राहिल्या. “बास झालं, भाऊ. कळलं. असं कुणी समजावलंच नव्हतं.” त्या सरळ सावंतकाकांसमोर गेल्या. “खुर्चीचं तोंड गेटकडं करा. ना तुमच्याकडं, ना आमच्याकडं.”

सावंतकाका म्हणाले, “माका पटला.”

झालं. अकरा वर्षांचं भांडण, आणि वॉचमनने खुर्ची गेटकडे फिरवली, एवढंच. चोर गेटमधून येतो हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले, कुणीतरी सह्यांचा कागद आणला, कुणीतरी वडापाव सांगितले, आणि दोन मिनिटांत पडद्यासमोर मी आणि काका दोघंच उरलो.

“अहो, थांबा,” काका म्हणत होते, “अजून दगडी किल्ले यायचेत. खंदक राहिलाय. परवाना राहिला. तटाला कंगोरे काढायचे तर राजाची लेखी परवानगी लागायची, ते फार मजेशीर आहे.” कुणी ऐकत नव्हतं. मग ते बोर्डाजवळ गेले, नोटीस वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली आणि माझ्याकडे आले.

“मी मॉट लिहिलं होतं.”

मी लॅपटॉप मिटला.

“हे माझ्यासाठी आलेच नव्हते,” ते म्हणाले आणि छत्री डाव्या हातात घेऊन जिना चढून गेले. चढताना कधी ते छत्री डाव्या हातात घेत नसत. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी वडापावही खाल्ला नाही.

पुढे सोसायटीने त्यांचा सत्कार केला, ‘दोन विंगांची मोट बांधल्याबद्दल’. शाल, नारळ आणि बोलायला दोन मिनिटं. काका माईकपाशी गेले, म्हणाले, “तेरावी स्लाईड,” आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. रागावून ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. दुपारी शटर अर्धं असायचं, आणि मला कुणी वेढ्याबद्दल विचारत नव्हतं. शांतपणे जेवता येत होतं. गोड मात्र लागत नव्हतं.

मग घरं रिकामी झाली. जो तो भाड्याने कुठे कुठे पांगला. काका-काकू मुलुंडलाच दोन गल्ल्या पलीकडे गेले. इमारत पाडली, राडारोडा गेला, आणि पायाचं खोदकाम सुरू झालं. एक दिवस सकाळी काकूंचा फोन. “लॅपटॉप घेऊन साइटवर ये. हे टेकडीवर चढून बसलेत आणि उतरत नाहीत.”

मी धावत गेले. जिथे आमच्या दोन विंग होत्या तिथे भला मोठा गोल खड्डा होता. त्याच्या बाजूला खड्ड्यातली सगळी माती, दोन मजले उंच. खड्ड्यात पाणी साठलेलं. आणि ढिगाऱ्याच्या टोकावर, छत्री उघडून, काका. बातमी लागून सावंतकाका आले होते, म्हात्रे मावशी बाजारातून तशाच आल्या होत्या, आणि साइटवर आमचाच जुना वॉचमन होता, खुर्चीसकट.

काका वरून ओरडले, “मॉट.” मग खाली पाण्याकडे छत्री करून म्हणाले, “मोट.” मग माझ्याकडे बघितलं. “कळला फरक?”

मी म्हटलं, “कळला, काका. चुकले.”

सावंतकाका म्हणाले, “दुपारी ट्रक येतले, माती नेतले. काय ता आताच सांगा.”

मग मी म्हटलं, “आज शेवटपर्यंत. कुणी उठायचं नाही. मावशी, फोन बंद करा.” माझा आवाज चढला होता, पण एकदाचा चढला ते बरं झालं. काकूंसकट आम्ही सगळे ढिगाऱ्यावर चढलो. वॉचमनने खुर्ची वर नेली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला. उन्हात स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी नुसतीच बटण दाबत होते आणि काका बोलत होते. लाकडी बुरूज गेले, दगडी आले. चौकोनी बुरुजाचे कोपरे भुयाराने पडतात, म्हणून गोल आले. डुकरं आली, मावशी हसून हसून मातीत बसल्या. तटाच्या आत तट आले. परवाने आले. मग तोफा आल्या आणि एवढे मोठे किल्ले हळूहळू नुसते बघायला उरले. तेव्हा काकांचा आवाज जरा बसला. त्रेसष्टावी स्लाईड झाली. मी चौसष्टावी दाबली.

“नोव्हेंबर,” काका म्हणाले. “हा किल्ला कोणता, ते मला माहीत नाही. व्याख्यान संपलं.”

काकूंनी पिशवीत हात घातला. एका जुन्या साडीच्या घडीतून त्यांनी एक गुळगुळीत पान काढलं, मधोमध दुमडलेलं.

“शेल्फात नव्हतं घातलं,” त्या म्हणाल्या. “मीच लपवलं होतं. तुम्ही आल्यागेल्याला सांगत होतात, बारा महिने, बारा किल्ले. आणि यात किल्लाच नव्हता. म्हटलं, कॅलेंडरवाल्यांनी फसवलं यांना, लोक हसतील. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून काढून ठेवलं.”

काकांनी पान उघडलं. आम्ही सगळे वाकलो. एक हिरवी गोल टेकडी होती. वर बुरूज नाही, भिंत नाही, दगड नाही. एक मेंढी होती, चरत.

“ह्यात किल्लो खंय आसा?” सावंतकाकांनी विचारलं.

काकांनी त्या टेकडीवरून हळूहळू बोट फिरवलं. काकू घाबरून त्यांच्याकडे बघत होत्या. मग ते खाली, त्या मातीवरच बसले, आणि रडत होते की हसत होते ते मला आजही सांगता येणार नाही. “अगं वेडे,” ते काकूंना म्हणाले, “लाकडी होता, कुजून गेला. टोपल्यांनी वाहिलेली तेवढी राहिली. बाराही महिन्यांत खरी हीच.” त्यांनी काकूंचा हात धरला, चारचौघांत, म्हात्रे मावशींसमोर. मावशींनी मुद्दाम खड्ड्याकडे बघितलं.

ट्रक यायच्या आत आम्ही खाली उतरलो. काका ते पान छातीशी धरून शेवटी उतरले, छत्री उजव्या हातात. खाली आल्यावर त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

“हे स्कॅन कर. आता ही पहिली स्लाईड,” ते म्हणाले. “खाली लिही, मॉट. आणि दुरुस्त करू नकोस.”